पहिला किलो कुणाला?

हायड्रोजनबद्दल हल्ली जे बोललं जातं ते ऐकून वाटावं, की हा वायू अजून यायचाच आहे. मुंबईच्या आसपास तो कित्येक दशकं नांदतोय. माहुलच्या दोन्ही रिफायनऱ्या, ट्रॉम्ब्याचं आरसीएफ (सरकारी खतकंपनी), अलिबागजवळचा थळचा खतकारखाना, अलीकडे उभा राहिलेला तळोज्याचा अमोनिया प्रकल्प, यांतल्या एकाचंही पान हायड्रोजनवाचून हलत नाही. देशभरात वर्षाला ५० ते ६० लाख टन हायड्रोजन खपतो. तो जवळजवळ सगळा नैसर्गिक वायू किंवा नाफ्था वाफेबरोबर ८००-९०० अंशांवर फोडून काढलेला असतो, आणि असा एक किलो बनवताना ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ज्या वायूने उद्योगांची काजळी धुवावी अशी आपली अपेक्षा आहे, त्याचीच धुलाई आधी व्हायला हवी.

केंद्र सरकारने जानेवारी २०२३मध्ये १९,७४४ कोटी रुपयांचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं. हरित म्हणजे मुख्यतः सौर-पवन विजेने पाणी फोडून काढलेला. २०३०पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं उद्दिष्ट ठेवलं. महाराष्ट्राने त्याच वर्षी जुलैत आपलं धोरण आणलं, ८,५६२ कोटींची तरतूद आणि वर्षाला ५ लाख टनांचं लक्ष्य. प्रत्यक्षात देशात उभी राहिलेली क्षमता अजून काही हजार टनांच्या घरातच रेंगाळते आहे. ती वाढेल, पण पुढची दहा-पंधरा वर्षं हा वायू तुटीचा आणि महागच राहणार. तुटीच्या मालाचं रेशन करावं लागतं. आपण मात्र बस, रेल्वे, बॉयलर, स्वयंपाकाचा गॅस, पोलाद, खत अशा सगळ्यांना एकाच वेळी पंगतीला बसवलं आहे. आमचं म्हणणं एवढंच, की क्रम ठरवा. जिथे हायड्रोजनचा रेणू रासायनिक कारणासाठीच लागतो आणि आज तो काळ्या मार्गाने बनतो, तिथे पहिला किलो गेला पाहिजे. जिथे विजेनेच काम भागतं, तिथे शेवटचाही जाऊ नये.

याचं कारण विजेच्या हिशेबात आहे. पाणी फोडून एक किलो हायड्रोजन काढायला शास्त्राप्रमाणे ३९.४ युनिट वीज पुरते. स्टॅकमधली (पाणी फोडणाऱ्या कोषांच्या चळतीतली) तूट, रेक्टिफायर, पंप, कूलिंग टॉवर, वायूची सुकवणी हे सगळं धरलं की आकडा ५० ते ५५वर जातो. ५४ धरू. आपल्या ग्रिडच्या एका युनिटामागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. गुणाकार केला तर हायड्रोजनच्या किलोमागे ३८ किलो. ग्रिडच्या सरसकट विजेवर इलेक्ट्रोलायझर, म्हणजे पाणी फोडणारं यंत्र, चालवला तर जो हायड्रोजन मिळतो, तो आजच्या 'काळ्या' हायड्रोजनच्या चौपट घाण असतो. इलेक्ट्रोलायझर हे यंत्र स्वतः काही स्वच्छ करत नाही. त्याच्या तारेतून जे येतं तेच पलीकडून निघतं.

हरित हायड्रोजनची सरकारी व्याख्या ऑगस्ट २०२३मध्ये आली: किलोमागे २ किलोपेक्षा जास्त उत्सर्जन नको. मर्यादा चांगली कडक आहे. खोट आहे ती मोजणीच्या काळात, कारण ती १२ महिन्यांच्या सरासरीवर आहे. दुपारी सौर वीज ग्रिडमध्ये 'जमा' करायची आणि रात्री तेवढीच 'काढून' घ्यायची, अशी बँकिंगची सोय आपल्याकडे आहेच. कागदावर हिशेब शून्याला शून्य जुळतो. पण रात्री दोन वाजता ग्रिडमध्ये येणारी वीज चंद्रपूर-कोराडीच्या कोळशाची असते, आणि आपण जास्तीचा भार टाकला की तिथे जास्तीचा कोळसाच पडतो. युरोपने आपल्या नियमांत २०३०पासून तासागणिक जुळणी (ज्या तासाला वापर, त्याच तासाची हरित वीज) सक्तीची केली आहे. आपल्यालाही तिकडे जावंच लागेल. हरित माल म्हणून युरोपला अमोनिया विकायचा असेल तर ते आपल्या मर्जीवरही नाही.

तासागणिक जुळणी केली की दुसरी अडचण उभी राहते. नुसत्या सौर विजेवर इलेक्ट्रोलायझर वर्षातला जेमतेम चौथाई वेळ पूर्ण क्षमतेने चालतो. एक मेगावॉटच्या प्रकल्पाला सगळं मिळून ८ कोटी रुपये लागले असं समजू, आणि व्याज-परतफेडीचे वर्षाला १२ टक्के. २५ टक्के वापर झाला तर वर्षाला सुमारे ४० टन हायड्रोजन निघतो आणि प्रत्येक किलोवर भांडवलाचेच २३५ रुपये बसतात. वापर ७० टक्क्यांवर नेला तर तो बोजा ८५ रुपयांवर येतो. पण त्यासाठी पवन, सौर आणि साठवण यांची मिसळलेली वीज घ्यावी लागते, आणि ती अडीच रुपयांऐवजी साडेचार रुपयांना पडते. दोन्हीकडून बेरीज करा, उत्तर किलोला सव्वातीनशे ते पावणेचारशे रुपयांच्या पट्ट्यात येतं. पानिपत रिफायनरीच्या १०,००० टनांच्या निविदेत निघालेला दर ३९७ रुपये होता. नैसर्गिक वायूपासून बनवलेला हायड्रोजन वायूच्या भावाप्रमाणे दीडशे ते दोनशेला पडतो. ही दुपटीची दरी ज्याला भरायला परवडेल, किंवा जिथे ती भरणं समाजाच्या फायद्याचं असेल, असं गिऱ्हाईक शोधणं हा या धोरणाचा गाभा असायला हवा.

मग आधी पंगतीतून कुणाला उठवायचं ते पाहू. स्वयंपाकाच्या पाइप गॅसमध्ये हायड्रोजन मिसळण्याची टूम मधूनमधून निघते. गुजरातमध्ये कवासला जानेवारी २०२३पासून तसा प्रयोग झालाही. घनफळाने २० टक्के हायड्रोजन मिसळला तरी उष्णतेच्या हिशेबात त्याचा वाटा ७ टक्के असतो, कारण घनमीटरमागे हायड्रोजनची उष्णता मिथेनच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी आहे. म्हणजे बर्नर, रेग्युलेटर, मीटर सगळं तपासून घ्यायचं आणि कार्बन घटणार ७ टक्के. इंडक्शनची शेगडी त्यापेक्षा केव्हाही बरी. बेस्टच्या बसचंही तेच. बॅटरीच्या बसमध्ये विजेच्या शंभर युनिटांपैकी ७५-८० चाकापर्यंत पोचतात, हायड्रोजनच्या वाटेने तीसच्या आसपास. लेहसारख्या ठिकाणाचं एक वेळ समजू शकतं, सायन-पनवेल रस्त्यावर त्याचं काही काम नाही. भिवंडी-डोंबिवलीची कापड रंगवणारी प्रोसेस हाउस, तारापूरचे औषध कारखाने यांना लागते ती वाफ किंवा ८०-९० अंशांचं गरम पाणी. हायड्रोजन जाळून वाफ केली तर विजेच्या एका युनिटातून ०.५५ युनिट उष्णता हाती लागते, इलेक्ट्रोड बॉयलरमधून ०.९८, आणि गरम पाण्यापुरता आसपासची उष्णता ओढून घेणारा हीट पंप लावला तर अडीच ते तीन. हायड्रोजन-बॉयलरला अनुदान म्हणजे दर किलोमागे २४ युनिट सरकारी खर्चाने वाया घालवणं. सिमेंटकडूनही फार आशा नको. तिथला निम्म्याहून जास्त कार्बन चुनखडीतूनच निघतो, भट्टीत काहीही जाळा.

आता ज्यांना वाढायचं त्यांच्याकडे. माहुलच्या बीपीसीएल आणि एचपीसीएलच्या रिफायनऱ्यांची क्षमता अनुक्रमे १२० लाख आणि ९५ लाख टन. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ लागू झालं, डिझेलमधलं गंधक दशलक्षात १० भागांवर आणावं लागलं, आणि ते काढायला हायड्रोजनच लागतो. इथे वीज त्याची जागा घेऊ शकत नाही. हायड्रोजनचं पाइपांचं जाळं २०-३० बार दाबावर आधीच आहे, माणसं त्याच्याशी सरावलेली आहेत, सुरक्षेचे नियम तोंडपाठ आहेत. हरित हायड्रोजनला पहिलं गिऱ्हाईक म्हणून याहून सोपी जागा नाही.

तरीही सोपी म्हणजे बिनकटकटीची नव्हे. हायड्रोजन युनिटचा रिफॉर्मर (वायू वाफेबरोबर फोडणारी भट्टी) हायड्रोजनबरोबर भरपूर वाफही देतो, आणि ती वाफ रिफायनरीच्या टर्बाइनना, स्ट्रिपरना, रिबॉयलरना जाते. बाहेरून हरित हायड्रोजन आला म्हणून रिफॉर्मर अर्ध्यावर आणला की वाफेची तूट पडते आणि ती भरायला कोपऱ्यातला तेलावरचा बॉयलर पेटवावा लागतो. कागदावर वाचवलेल्या कार्बनचा काही भाग त्या धुराड्यातून परत निघतो. शिवाय रिफॉर्मर ४०-५० टक्क्यांच्या खाली नीट चालत नाही. त्यामुळे हरित हायड्रोजनच्या प्रत्येक प्रकल्पाच्या अहवालात वाफेचा ताळेबंद असायला हवा, आणि जिथे तूट पडेल तिथे तेलाऐवजी विजेचा बॉयलर. प्रकल्पाची जाहिरात करताना या पानाचा उल्लेख सहसा नसतो.

रिफायनरीवर आणखी एक आक्षेप रास्त आहे: डिझेल जाळणंच बंद करायचं असेल तर ते धुण्यासाठी हरित हायड्रोजन कशाला? उत्तर असं, की इथे तो कायमचा मुक्काम ठोकणार नाही. दहा-पंधरा वर्षांची खात्रीची मागणी मिळाली की इलेक्ट्रोलायझर बनवणारे, चालवणारे, दुरुस्त करणारे तयार होतात. आणि किंमत? डिझेलच्या टनाला ५ किलो हायड्रोजन लागतो असं धरून त्यातला दहावा हिस्सा हरित करायची सक्ती केली, किलोमागे २०० रुपये जादा धरले, तर टनाला १०० रुपये, म्हणजे लिटरला साडेआठ पैसे. पंपावर कुणाला कळणारही नाही.

खताचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे आणि तिथेच सर्वांत जास्त गोंधळ होतो. 'हरित हायड्रोजन, हरित अमोनिया, हरित युरिया' अशी एक सरळ शिडी भाषणांमध्ये रंगवली जाते. अमोनियात फक्त नायट्रोजन आणि हायड्रोजन असतात, टनाला सुमारे १७८ किलो हायड्रोजन. युरियाच्या रेणूत मात्र कार्बन आहे. एक टन युरियाला ०.५७ टन अमोनिया आणि ०.७३ टन कार्बन डायऑक्साइड लागतो. थळच्या कारखान्यात हा कार्बन डायऑक्साइड फुकट मिळतो, कारण नैसर्गिक वायू फोडून हायड्रोजन काढतानाच तो बाहेर पडतो आणि तोच पुढे युरियात घातला जातो. उद्या तिथे पाणी फोडून हायड्रोजन आणला तर कार्बन कुठून आणणार? तो विकत आणून घातला, तरी शेतात टाकल्यावर युरिएज विकर काही दिवसांत युरियाचा कार्बन डायऑक्साइड मोकळा करतं. तो मूळचा खनिज इंधनातला असेल तर हवामानाच्या दृष्टीने आपण फक्त पत्ता बदलला.

यावर महाराष्ट्रापुरता एक खरा मार्ग आहे, आणि त्याबद्दल आश्चर्य वाटावं इतकं कमी बोललं जातं. साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांमध्ये आंबवणीच्या टाकीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड जवळजवळ शुद्ध असतो, आणि तो उसाने हवेतूनच घेतलेला असतो. एक किलो इथेनॉलमागे ०.९६ किलो. या हिशेबाने एक टन युरियाला साधारण ९७० लिटर इथेनॉलच्या आंबवणीतला वायू लागेल. अडचणी आहेत: गाळप हंगामी, डिस्टिलऱ्या विखुरलेल्या, वायू २० बार आणि उणे २० अंशांवर द्रव करून टँकरने न्यावा लागेल. म्हणून थळ रातोरात बदलणार नाही, आणि बदलायची घाईही नको. युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २४२ रुपयांना मिळते, कडुनिंबाचा लेप आणि कर वगळून. वरचा सगळा भार केंद्राच्या तिजोरीवर असतो. हरित युरियाचा जादा खर्चही तिथेच जाऊन पडेल. त्या पैशांत दुसरीकडे जास्त कार्बन वाचवता येत असेल तर आधी तिकडे जावं.

ते दुसरीकडे म्हणजे तळोजा. तिथे २०२३मध्ये सुरू झालेला अमोनिया प्रकल्प वर्षाला ५ लाख टनांचा आहे, आणि हा अमोनिया मुख्यतः नायट्रिक आम्ल, अमोनियम नायट्रेट, मिश्रखतं यांत जातो. या मालात कार्बन लागतच नाही. ट्रॉम्ब्याच्या 'सुफला' १५:१५:१५सारख्या मिश्रखतातल्या अमोनियाच्या वाट्याचंही तसंच. म्हणजे मुंबई परिसरात अमोनियाचे दोन वर्ग पडतात, युरियात जाणारा आणि न जाणारा. हरित हायड्रोजनचा पहिला मान दुसऱ्या वर्गाचा. दरही इथे सगळ्यांत जवळ आलेत: २०२५मध्ये खतकारखान्यांसाठी झालेल्या सरकारी लिलावांत हरित अमोनिया किलोला ५० ते ६५ रुपयांच्या आसपास निघाला. आयात अमोनियाचे भाव असे हिंदकळतात, की त्यांच्या तेजीच्या वर्षांत हा दर स्वस्तच वाटेल.

चालू अमोनिया प्रकल्पात हरित हायड्रोजन घालायचा म्हणजे पाइप जोडून व्हॉल्व्ह उघडायचा, असा समज असेल तर तो काढून टाकावा. वायूवर चालणाऱ्या प्रकल्पात नायट्रोजन येतो तो दुसऱ्या रिफॉर्मरमध्ये फुंकलेल्या हवेतून. बाहेरचा हायड्रोजन वाढवला की त्याच्या जोडीचा नायट्रोजन कमी पडतो, तीनास एकचं प्रमाण बिघडतं. थोड्या टक्क्यांपर्यंत भागतं, पुढे हवेतून नायट्रोजन वेगळा काढणारं युनिट लागतं. दुसरं, इलेक्ट्रोलायझरमधून निघालेला हायड्रोजन ओला असतो आणि त्यात ऑक्सिजनचा अंश असतो. अमोनियाच्या लोखंडी उत्प्रेरकाला ऑक्सिजन आणि पाण्याची वाफ म्हणजे विषच, दशलक्षात १० भागांच्याही खाली लागतं. म्हणून आधी ऑक्सिजन काढणारं डीऑक्सो आणि ओल काढणारा ड्रायर. तिसरं, कॉम्प्रेसर फिरवणारी टर्बाइन रिफॉर्मरच्या वाफेवर चालते. रिफायनरीची तीच रड इथेही.

पोलादाकडे वळलं की आकडे छाती दडपवतात. पेणजवळ डोलवीला जेएसडब्ल्यूचा वर्षाला १ कोटी टनांचा कारखाना आहे. त्यात कोकवरच्या झोतभट्ट्याही आहेत आणि नैसर्गिक वायूवर लोहखनिज थेट लोखंडात बदलणारा शाफ्ट, म्हणजे उभी भट्टीही. अशा शाफ्टमध्ये ३० टक्क्यांच्या आसपास वायूची जागा हायड्रोजनला मोठे फेरबदल न करता घेता येते. त्यापुढे प्रश्न सुरू होतात. कार्बन मोनॉक्साइडने खनिजातला ऑक्सिजन काढताना उष्णता सुटते, हायड्रोजनने काढताना ती खर्ची पडते, त्यामुळे शाफ्ट आतून थंड पडतो आणि वायू आणखी तापवून सोडावा लागतो. मिळणाऱ्या लोखंडात कार्बन नसतो. विजेच्या भट्टीत स्लॅग (वितळलेली मळी) फेसाळण्यासाठी तो लागतो, म्हणून वेगळा घालावा लागतो. आणि पेलेटमधलं (खनिजाच्या गोळ्यांमधलं) लोह ६७ टक्क्यांच्या आसपास हवं, नाहीतर सगळी माती विजेच्या भट्टीत वितळवत बसायचं.

सगळं जमलं असं धरून हिशेब केला तर? टनाला ५६ किलो हायड्रोजन. डोलवीच्या १ कोटी टनांना ५ लाख ६० हजार टन, म्हणजे राज्याच्या २०३०च्या अख्ख्या लक्ष्याहून जास्त, एकाच कारखान्याला. वीज लागेल ३,००० कोटी युनिट. दिवसरात्र, बारमास, ३,४५० मेगावॉट. ऐन मे महिन्यात सगळे एसी चालू असताना मुंबईची कमाल मागणी ४,००० मेगावॉटच्या थोडी वर जाते, त्यावरून अंदाज यावा. नुसत्या सौर विजेने करायचं तर १३,८०० मेगावॉटचे पॅनेल. मेगावॉटला चार एकर धरले तर मुंबई महापालिकेच्या हद्दीच्या जवळपास निम्मी जमीन. कर्नाटकातल्या विजयनगरला पोलादासाठी उभारलेला प्रकल्प वर्षाला ३,८०० टन हायड्रोजनचा आहे, त्यातून ६८ हजार टन लोखंड बनेल. प्रयोग म्हणून तो मोलाचा आहे, त्याकडे त्याच मापाने बघावं. युरोपातही हवा निघते आहे: आर्सेलर मित्तलने जून २०२५मध्ये जर्मनीतल्या ब्रेमेन आणि आयझेनह्युटनश्टाटचे असे बेत गुंडाळले.

पोलादाला म्हणून दुसऱ्या रांगेत बसवावं असं आमचं मत, पण रांगेत बसवावंच. कारण त्याला पर्याय कमी आहेत. भंगार हा पहिला पर्याय आणि तो आज, आत्ता हाताशी आहे. जालन्याच्या सळईभट्ट्या भंगारावरही चालतात आणि मुंबईच्या दारूखान्यात जहाजं फोडून भंगार निघत आलं आहे. पण देशाची वाढती गरज भंगाराने भागणार नाही. किमतीचा बाऊ मात्र नको. हायड्रोजन ३५० रुपये किलो धरला तर टनाला १९,६०० रुपये. त्यातून वाचलेल्या वायूचे साडेआठ हजार वजा केले तर जादा बोजा ११ हजार. पोलाद विकणाऱ्याचं यात कंबरडं मोडतं, वापरणाऱ्याचं नाही. उंच इमारतीत चौरस फुटाला पाच किलो पोलाद धरलं तर हजार चौरस फूट बांधकामाला पाच टन, म्हणजे ५५ हजार रुपये. मुंबईत तेवढ्या घराची किंमत कोटींत असते आणि पार्किंगच्या एका जागेलाही याच्या कितीतरी पट मोजले जातात. मेट्रो, पूल, सागरी रस्ते बांधणाऱ्या सरकारी यंत्रणांनी निविदेत थोडा टक्का कमी-कार्बन पोलाद मागितलं तर बाजार तयार होतो. केंद्राने डिसेंबर २०२४मध्ये हरित पोलादाची व्याख्या केली आहे, टनाला २.२ टनांपेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड असेल तर हरित, १.६पेक्षा कमी तर पाच तारे. पाच तारे नुसत्या भंगारानेही मिळवता येतात. त्यामुळे खनिजापासून बनवलेल्या पोलादासाठी वेगळा निकष लागेल, नाहीतर हायड्रोजनची पाळी कधी येणारच नाही.

इलेक्ट्रोलायझर कुठे बसवायचे? मुंबईत नको. १२ ऑक्टोबर २०२०ला शहर अंधारात गेलं, तेव्हा बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या किती तोकड्या आहेत ते सगळ्यांनी पाहिलं. खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी २०२३च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली, कुडूस-आरेची दुसरी वाहिनी तिच्या मागून. ही क्षमता शहराच्या वाढीसाठी आहे, माहुलमध्ये पाणी फोडण्यासाठी नाही. त्यात माहुल-चेंबूरची दाट वस्ती. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के प्रमाणात कधीही पेट घेतो, ०.०२ मिलिज्यूलची ठिणगी पुरते, आणि ज्योत दिवसा दिसत नाही. रिफायनरीच्या आत हे सांभाळता येतं, कारण सांभाळणारे आहेत. शहरातल्या रस्त्यांवरून टँकर फिरवणं वेगळं. २०० बारवरची नळकांड्यांची ट्रॉली ३०-४० टनांची असते आणि पोटात हायड्रोजन ३००-४०० किलो. नेण्यापेक्षा तिथेच बनवावा, किंवा अमोनिया करून न्यावा.

रायगड किनाऱ्यावर बनवायचा म्हटला तर पावसाळा आहे. जून ते सप्टेंबर सौर वीज अशी वरखाली होते, की अल्कलाइन इलेक्ट्रोलायझरच्या कंट्रोल रूममध्ये एकाच आकड्याकडे सगळ्यांचे डोळे लागतात: ऑक्सिजनमधला हायड्रोजन किती? पूर्ण भारावर तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. ढग आला, भार २०-३० टक्क्यांवर घसरला, की तयार होणारा ऑक्सिजन कमी पडतो पण पडद्यातून झिरपणारा हायड्रोजन तितकाच राहतो, आणि आकडा चढायला लागतो. ४ टक्क्यांना मिश्रण स्फोटक होतं, म्हणून २ टक्क्यांना यंत्र आपोआप बंद पडतं. परत चालू करायला वेळ लागतो, आणि प्रत्येक बंदीत उलटा प्रवाह वाहून निकेलचे इलेक्ट्रोड झिजतात. किनाऱ्याची खारी हवा आणखी एक ताप. डीएम (क्षार काढलेल्या) पाण्यात क्लोराइडचा अंश गेला की यंत्रातल्या पोटॅशच्या द्रावणात तो साठत राहतो आणि धातू खातो. किलोमागे १५ ते १८ युनिट उष्णता बाहेर काढायची असते, आणि कोकणातल्या दमट हवेत कूलिंग टॉवर ३२ अंशांखाली पाणी देत नाही. वाळवंटातल्या आकडेवारीवर इथला प्रकल्प आखला तर पहिल्या पावसाळ्यातच अंदाज कोसळतो.

वायू साठवून हे चढउतार गिळता आले असते. जर्मनीला, टेक्ससला मिठाच्या भूगर्भातल्या गुहा आहेत. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण, मीठ नाही. उरतात पोलादी टाक्या, त्या महाग. म्हणून आपल्याकडे वायूऐवजी वीज साठवणं शहाणपणाचं, आणि त्यासाठी सह्याद्रीसारखी दुसरी जागा नाही. घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन (पाणी वर चढवून वीज साठवणारा) प्रकल्प चालू आहे, भिवपुरीला मोठा येऊ घातला आहे. खोपोली, भिवपुरी, भिराच्या पाण्याने शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्या चालवल्या. रात्रीची वीज या डोंगरांतून आली तर इलेक्ट्रोलायझर ढगांच्या मर्जीवर राहणार नाहीत.

पाण्याचा बागुलबुवा मात्र फार केला जातो. थंडाई धरून किलोला २० लिटर मोजले तर राज्याच्या ५ लाख टनांना दिवसाला पावणेतीन कोटी लिटर पुरतात. मुंबई रोज ४०० कोटी लिटरच्या आसपास पिते. आरसीएफ तर चेंबूरचं सांडपाणी शुद्ध करून कित्येक वर्षं कारखान्यात वापरतंय. तोच नियम सगळ्यांना लावावा: तलावाचं पाणी नाही, सांडपाणी किंवा समुद्र.

आजवरची मदत बहुतेक बनवणाऱ्याला मिळाली, मिशनमधले १७,४९० कोटी उत्पादन-प्रोत्साहनाचेच. गिऱ्हाईकावर बंधन घालण्याची चर्चा मिशनच्या आधीपासून आहे. बंधन नसलं की काय होतं, ते आपण एकदा पाहिलं आहे. १९६०च्या दशकात पंजाबात नांगलला भाक्राच्या विजेवर पाणी फोडून खत बनत होतं, देशाचा पहिला जडपाणी प्रकल्प १९६२मध्ये त्याच्याच शेजारी आला. विजेला दुसरीकडे मागणी वाढली आणि तो मार्ग सुटला. तंत्र होतं, बांधलेलं गिऱ्हाईक नव्हतं. तेव्हा रिफायनऱ्या आणि युरियाबाहेरचा अमोनिया यांना पाच टक्क्यांपासून चढतं बंधन घालावं, आणि तासागणिक मीटरशिवाय प्रमाणपत्र देऊ नये.

तळोज्यासाठी पहिला करार लिहायचा झाला तर त्यात तीन कलमं असावीत. मुदत पंधरा वर्षं, कारण स्टॅक ६० ते ८० हजार तासांनी बदलावा लागतो आणि त्या दुसऱ्या खर्चासाठी कर्ज देणाऱ्याला मुदत दिसली पाहिजे. पावसाळ्यातला पुरवठा वेगळा ठरवून द्यावा, वर्षाची सरासरी नव्हे. आणि पहिली काही वर्षं जुना रिफॉर्मर ५० टक्क्यांवर चालूच राहील हे स्पष्ट लिहावं, त्याचा कार्बन कुणाच्या खाती पडेल तेही.